प्रत्येक पेशीपर्यंत पोहोचायचे कसे? शरीरातील संस्थांचा एकत्रित परिचय

मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या रुग्णाच्या तपासणी अहवालात हिमोग्लोबिन कमी निघाले, की घरच्यांना हमखास प्रश्न पडतो की मूत्रपिंडाचा आणि रक्ताचा काय संबंध? हृदय दुबळे झालेल्या रुग्णाला उताणे झोपले की धाप लागते आणि उठून बसले की बरे वाटते, यकृत बिघडलेल्या रुग्णाच्या पोटात पाणी साठते, तेव्हाही असेच कोडे पडते. या गोंधळाचे मूळ बऱ्याच अंशी आपल्या शिकण्याच्या पद्धतीत आहे. शाळेत शरीर धड्याधड्याने शिकवले जाते. पचनाचा एक धडा, श्वसनाचा दुसरा, रक्ताभिसरणाचा तिसरा, आणि प्रत्येक धड्यात त्या त्या संस्थेची अशी आकृती, की जणू बाकीचे शरीर अस्तित्वातच नाही. आकृतीतील भागांना नावे दिली की धडा संपतो, आणि या साऱ्या संस्था मुळात कशासाठी आहेत, हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

त्याचे उत्तर माझ्या मते एका अडचणीत आहे, आणि ती अडचण रसायनाची नसून अंतराची आहे.

## अडचण अंतराची

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात आणि त्यांतील पाचांपैकी चार रक्तातील तांबड्या पेशी असतात. पेशी हा सजीवाचा सर्वांत लहान जिवंत घटक आहे. बहुतेक पेशींचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास भरतो. जवळपास प्रत्येक पेशीला सतत प्राणवायू आणि ग्लुकोजसारखे इंधन लागते, आणि ते वापरताना तयार होणारा कार्बन डायऑक्साइड व इतर टाकाऊ पदार्थ तितक्याच तत्परतेने दूर जावे लागतात.

एकपेशीय जीवाला याची चिंता नसते. तो पाण्यात राहतो, प्राणवायू त्याच्या आवरणातून आपोआप आत येतो आणि टाकाऊ पदार्थ आपोआप बाहेर जातात. पदार्थाचे कण जिथे दाट आहेत तिथून विरळ जागेकडे आपसूक पसरत जातात, या क्रियेला विसरण म्हणतात. विसरणाला ऊर्जा खर्च करावी लागत नाही, पण त्याची एक मोठी मर्यादा आहे. अंतर दहापट झाले की लागणारा वेळ दहापट नव्हे, तर शंभरपट होतो. प्राणवायूचा ढोबळ हिशेब असा, की पाण्यातून मिलिमीटरचा शंभरावा भाग ओलांडायला त्याला सेकंदाचा चाळिसावा हिस्सा पुरतो, एक मिलिमीटरला सुमारे चार मिनिटे लागतात, एक सेंटिमीटरला सुमारे सात तास, आणि दहा सेंटिमीटरला जवळजवळ महिना. त्वचेपासून यकृताच्या गाभ्यापर्यंत प्राणवायू केवळ विसरणाने जायचा असता, तर तो पोहोचण्याच्या कितीतरी आधी तिथली प्रत्येक पेशी मेली असती.

ग्लासातील स्थिर पाण्यात शाईचा एक थेंब सोडून पाहिला तर हे लक्षात येते. थेंबाच्या कडा लगेच धूसर होतात, पण सगळे पाणी एकसारखे रंगायला फार वेळ लागतो, आणि चमच्याने ढवळले की तेच काम दोन-तीन सेकंदांत होते. शरीराने याच दोन गोष्टींची सांगड घातली आहे. लांबचा प्रवास ढवळण्याने, म्हणजे द्रव जोराने वाहून नेण्याने करायचा, आणि शेवटचा अगदी छोटा टप्पा विसरणावर सोडायचा. पुढे येणाऱ्या जवळपास सगळ्या रचना या एका तोडग्याची वेगवेगळी रूपे आहेत. ज्या प्राण्यांना हा तोडगा सापडला नाही ते लहान तरी राहिले किंवा चपटे तरी. चपट्या कृमींना हृदय नसते आणि फुप्फुसेही नसतात, कारण त्यांच्या पातळ शरीरातील कोणतीही पेशी पृष्ठभागापासून फार दूर नसते.

## ढवळण्याचे काम: हृदय आणि रक्तवाहिन्या

विश्रांतीच्या अवस्थेत हृदय मिनिटाला सुमारे ७० वेळा आकुंचन पावते आणि दर वेळी सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. गुणाकार केला तर मिनिटाला जवळपास पाच लिटर होतात. प्रौढ शरीरात एकूण रक्तही साधारण पाच लिटरच असते, म्हणजे सगळे रक्त मिनिटाभरात एक फेरी पूर्ण करते.

हा साधा गुणाकार विज्ञानाच्या इतिहासात फार महत्त्वाचा ठरला. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याच्या शिकवणीनुसार युरोपात चौदाशे वर्षे असे मानले जात होते, की रक्त यकृतात सतत नव्याने तयार होते आणि अवयव ते वापरून संपवतात. १६२८ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी हृदय तासाभरात किती रक्त ढकलते याचा हिशेब मांडला. तो आकडा माणसाच्या वजनापेक्षाही जास्त येत होता, आणि तासाला इतके रक्त नव्याने तयार होणे अशक्य होते. म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. रोहिणीतून, म्हणजे हृदयाकडून निघणाऱ्या रक्तवाहिनीतून, गेलेले रक्त नीलेत, म्हणजे हृदयाकडे परतणाऱ्या रक्तवाहिनीत, नेमके कसे जाते हे मात्र हार्वे यांना दिसले नाही, कारण त्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा होता. १६६१ मध्ये इटलीच्या मार्सेल्लो माल्पिगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात त्या अतिसूक्ष्म नलिका पाहिल्या. त्यांना आपण केशवाहिन्या म्हणतो.

खरे काम होते ते या केशवाहिन्यांमध्ये. हृदय, रोहिण्या आणि नीला ही सगळी त्यांच्यापर्यंत रक्त आणण्याची व तिथून परत नेण्याची व्यवस्था आहे. केशवाहिनीची भिंत एका पेशीइतकीच जाड असते आणि तिची पोकळी इतकी अरुंद असते, की मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठपट व्यास असलेल्या तांबड्या पेशीला तिच्यातून अनेकदा दुमडून जावे लागते. बहुतेक अवयवांमध्ये कोणतीही पेशी जवळच्या केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा दूर नसते. जिथे हा नियम मोडलेला दिसतो, तिथे पर्यायी सोयही दिसते. डोळ्याच्या पारदर्शक पटलात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ते प्राणवायू मुख्यतः थेट हवेतून घेते. सांध्यातील कूर्चेतही रक्तवाहिन्या नसतात, ती सांध्यातील द्रवावर भागवते, आणि म्हणूनच झिजलेली कूर्चा भरून येणे इतके अवघड असते.

नीलांमधील रक्त निळे असते, हा समज आकृत्यांमुळे पक्का झाला आहे. प्रत्यक्षात विश्रांतीच्या वेळी हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातही हिमोग्लोबिनवर, म्हणजे तांबड्या पेशींतील प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनावर, प्राणवायूसाठी असलेल्या जागांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश भरलेल्याच असतात. ते रक्त गडद लाल असते. हातावरच्या नीला निळसर दिसतात त्या त्वचेतून प्रकाश ज्या रीतीने विखुरला व शोषला जातो त्यामुळे.

## हवेशी गाठ: फुप्फुसे

रक्त कितीही वेगाने फिरवले तरी त्यात प्राणवायू कुठेतरी भरावा लागतो, आणि तो भरण्याचे ठिकाणही विसरणाच्या नियमाला बांधलेले असते. त्यामुळे तिथे दोन अटी पाळाव्या लागतात. पृष्ठभाग खूप मोठा हवा आणि पडदा खूप पातळ हवा. फुप्फुसांत श्वासनलिका पुन्हा पुन्हा फाटे फुटत अखेर सुमारे ४८ कोटी सूक्ष्म पिशव्यांमध्ये संपतात. त्यांना वायुकोश म्हणतात. त्या सर्वांचा पृष्ठभाग मिळून ७० चौरस मीटर किंवा त्याहूनही अधिक भरतो, आणि हवा व रक्त यांमधला पडदा बऱ्याच ठिकाणी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. तांबडी पेशी वायुकोशाजवळच्या केशवाहिनीत पाऊण सेकंदच थांबते, पण निरोगी माणसात पहिल्या पाव सेकंदातच तिच्यातील हिमोग्लोबिन प्राणवायूने भरून जाते. उरलेला अर्धा सेकंद ही राखीव सोय आहे. जोराने धावताना रक्त वेगाने पुढे सरकते तेव्हा ती उपयोगी पडते.

इतका पातळ पडदा ठेवायचा म्हणजे एक धोका पत्करावा लागतो. रक्ताचा दाब वाढला तर त्यातील पाणी पडद्यातून झिरपून वायुकोशात येऊ शकते. हृदय एक नसून एकमेकांना चिकटलेले दोन पंप आहेत, याचे कारण इथे आहे. उजवा पंप फुप्फुसांकडे रक्त पाठवतो आणि तिथला दाब सर्वसाधारणपणे २५ च्या आसपास असतो. डावा पंप उरलेल्या शरीराला रक्त पुरवतो आणि त्याचा दाब आपल्या ओळखीचा १२० असतो. दोन्ही आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजले जातात.

आता सुरुवातीच्या धाप लागण्याच्या प्रश्नाकडे वळता येईल. डावा पंप दुबळा झाला, की फुप्फुसांकडून येणारे रक्त त्याला पुरेसे पुढे ढकलता येत नाही आणि ते मागे तुंबू लागते. उताणे झोपल्यावर पायांकडील रक्त छातीकडे सरकते, फुप्फुसांतील दाब आणखी वाढतो आणि वायुकोशांभोवती पाणी झिरपते. पडदा जाड झाला म्हणजे प्राणवायूचे अंतर वाढले, आणि अंतर वाढले म्हणजे वेळ त्याच्या वर्गाच्या पटीत वाढला. फुप्फुसांत मुळात काही दोष नसतानाही श्वास अपुरा पडतो तो असा.

## आतड्यातील अन्न शरीराच्या आत असते का?

काटेकोरपणे पाहिले तर नसते. तोंडापासून गुदद्वारापर्यंतची अन्ननलिका ही शरीराच्या आरपार गेलेली एक लांब नळी आहे, आणि तिच्या पोकळीत असलेले अन्न तिच्या भिंतीतून पलीकडे जाईपर्यंत बाहेरच्या जगातच असते. भिंतीतून जायचे तर रेणू लहान हवेत, म्हणून पचन, म्हणजे मोठ्या रेणूंचे लहान तुकडे करणे. पिष्टमय पदार्थांपासून ग्लुकोज, प्रथिनांपासून अमिनो आम्ले आणि स्निग्ध पदार्थांपासून मेदाम्ले मिळतात.

लहान आतडे इथे तीच युक्ती वापरते. आतल्या भिंतीला घड्या, घड्यांवर बारीक उंचवटे आणि त्या उंचवट्यांवरील प्रत्येक पेशीवर आणखी सूक्ष्म उंचवटे. या पृष्ठभागाची तुलना टेनिसच्या मैदानाशी करण्याची पद्धत पाठ्यपुस्तकांत रूढ आहे, पण अलीकडच्या मोजणीनुसार तो सुमारे ३० चौरस मीटर भरतो. कमी असला तरी त्वचेच्या पृष्ठभागाच्या तुलनेत तो पंधरा-वीसपट आहे. शोषणाचे काम करणाऱ्या पेशींचा थर एकपदरी असतो आणि सतत झिजत असल्यामुळे तो तीन ते पाच दिवसांत पूर्ण बदलला जातो.

आतड्यातून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी यकृतात जाते, कारण जे काही शोषले गेले आहे त्याची छाननी तिथे होते. जादा ग्लुकोज साठवले जाते, औषधे व मद्य यांच्यावर प्रक्रिया होते, आणि प्रथिनांच्या विघटनातून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे तुलनेने निरुपद्रवी युरियात रूपांतर होते. यकृत अल्ब्युमिन नावाचे प्रथिनही तयार करते, आणि हे प्रथिन रक्तातील पाणी रक्तवाहिनीतच धरून ठेवते. यकृत कठीण होऊन आक्रसले, की आतड्याकडून येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही व तिथला दाब वाढतो. त्याच वेळी अल्ब्युमिनही कमी पडते. पोटात साठणारे पाणी हा या दोन्हींचा एकत्रित परिणाम असतो.

## मूत्रपिंड: आधी सारे बाहेर, मग निवडून परत

माझ्या दृष्टीने शरीरातील सर्वांत चतुर रचना मूत्रपिंडाची आहे, आणि सर्वांत कमी समजली गेलेलीही तीच आहे. दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून वजन सुमारे ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. तरीही हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक रक्त त्यांच्याकडे जाते. इतके रक्त त्यांच्या स्वतःच्या गरजेसाठी लागत नाही, ते स्वच्छ करून घेण्यासाठी येते.

टाकाऊ पदार्थ ओळखून बाहेर काढणे हे मूत्रपिंडाचे काम, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात ते उलटे करते. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख सूक्ष्म घटक असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने मागे ठेवून रक्तातील पाणी व त्यात विरघळलेले जवळपास सगळे लहान रेणू नेफ्रॉन आपल्या नलिकेत सोडतात. दिवसभरात असा सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. रक्तातील द्रव भाग जेमतेम तीन लिटर असल्यामुळे तो दिवसातून साठ वेळा गाळला जातो. मग नलिकेतून पुढे जाताना ग्लुकोज, क्षार आणि पाणी यांपैकी जे हवे ते परत घेतले जाते. अखेर उरते ते दीड लिटरच्या आसपास मूत्र.

गाळलेल्यातले ९९ टक्के परत घ्यायचे तर ते मुळात सोडायचे तरी कशाला? हा आक्षेप रास्त आहे, कारण परत घेण्याच्या कामावर बरीच ऊर्जा खर्च होते. पण या पद्धतीत एक मोठी सोय आहे. नको असलेल्या प्रत्येक पदार्थासाठी वेगळी यंत्रणा ठेवायची, तर शरीराला कधीही न भेटलेल्या नव्या पदार्थापुढे ते हतबल झाले असते. हव्या असलेल्या पदार्थांची यादी मात्र छोटी आणि ठरलेली आहे. त्या यादीत नसलेला बराचसा ऐवज, ओळखीचा असो वा अनोळखी, आपोआप बाहेर जातो.

एवढे रक्त सतत हाताळणारा अवयव रक्ताची पाहणी करायलाही योग्य ठरतो. रक्तातून मिळणारा प्राणवायू कमी झाल्याचे मूत्रपिंडातील काही पेशी ओळखतात आणि एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक, म्हणजे रक्तातून प्रवास करणारा रासायनिक संदेश, सोडतात. ते हाडांच्या आतील मज्जेला तांबड्या पेशी वाढवण्याचा आदेश देते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि मज्जेला सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या पेशी तयार कराव्या लागतात, त्यामुळे आदेश मंदावला की काही आठवड्यांतच तूट दिसू लागते. मूत्रपिंडाच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन घटण्यामागे हे प्रमुख कारण आहे. ड जीवनसत्त्वाला त्याचे अखेरचे, कार्यक्षम रूप मुख्यतः मूत्रपिंडातच मिळते, म्हणून अशा रुग्णांची हाडेही कमजोर होतात. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये रुग्णांवर वापरायला सुरुवात केलेल्या कृत्रिम मूत्रपिंडापासून आजच्या डायलिसिस यंत्रांपर्यंत गाळण्याचे काम यंत्राने बऱ्यापैकी उचलले आहे, पण संप्रेरक यंत्र तयार करू शकत नाही. ते गरजेनुसार इंजेक्शनने द्यावे लागते.

## हाडे आणि स्नायू

या दोघांबद्दल थोडक्यात सांगायचे कारण असे, की त्यांचे दिसणारे काम सर्वांना ठाऊक आहे. न दिसणारे काम मात्र याच साखळीतले आहे. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असते. रक्तातील कॅल्शियम थोडे जरी घटले तरी गळ्यातील परावटू ग्रंथी हाडांतून ते काढून घेतात, कारण स्नायू आणि चेतातंतू त्याच्यावाचून नीट चालत नाहीत. पोटरीचे स्नायू चालताना आतील नीलांना दाबतात आणि त्या नीलांतील झडपांमुळे रक्त फक्त वरच्या दिशेने सरकते. तासन् तास पाय लोंबकळत बसल्यावर घोटे सुजतात ते ही मदत थांबल्यामुळे. केशवाहिन्यांतून झिरपलेला काही द्रव परत त्यांच्यात शिरत नाही. तो लसिकावाहिन्या गोळा करून रक्तात आणतात, आणि वाटेत लसिकाग्रंथींमध्ये रोगप्रतिकारक पेशी त्यातील जंतूंची तपासणी करतात. घसा दुखत असताना जबड्याखाली लागणाऱ्या गाठी या त्याच ग्रंथी होत.

## हे सारे जुळवते कोण?

एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी एक विचार मांडला. आपल्या पेशी हवेत राहत नाहीत, त्या आपल्याच शरीरातील द्रवात राहतात, आणि या आतल्या पर्यावरणाची स्थिरता ही स्वतंत्र जीवनाची अट आहे. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ४२ लिटर पाणी असते आणि त्यातील साधारण १४ लिटर पेशींच्या बाहेर असते. एकपेशीय जीवाभोवतीच्या जलाशयाची जागा या १४ लिटरांनी घेतली आहे. फरक इतकाच, की जलाशय अफाट असतो आणि हा साठा चटकन दूषित होण्याइतका छोटा आहे. ही स्थिरता राखण्याच्या क्रियेला अमेरिकेच्या वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये होमिओस्टॅसिस हे नाव दिले.

हे काम दोन यंत्रणा वाटून घेतात. चेतासंस्था जलद आहे. तिच्या सर्वांत वेगवान तंतूंतून संदेश सेकंदाला शंभर मीटरहून अधिक वेगाने जातो. संप्रेरके सावकाश पोहोचतात, पण ती सर्वत्र पोहोचतात आणि त्यांचा परिणाम टिकतो. झोपलेला माणूस उभा राहिला, की अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त पायांकडे व पोटाकडे उतरते. मानेतील आणि हृदयाजवळील रोहिण्यांच्या भिंतींतील चेतातंतूंना ताण कमी झाल्याचे लगेच कळते आणि काही सेकंदांत हृदयाचे ठोके वाढतात व रक्तवाहिन्या आवळल्या जातात. ही प्रतिक्रिया उशिरा झाली तर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. दाबाचे मंदगती नियंत्रण, म्हणजे शरीरात मीठ व पाणी किती ठेवायचे हा निर्णय, मूत्रपिंडे संप्रेरकांच्या साहाय्याने तासांच्या आणि दिवसांच्या मापाने घेतात.

या नियंत्रणात एक गोष्ट पुष्कळांना चकवते. श्वास रोखल्यावर होणारी घुसमट प्राणवायू संपल्यामुळे होते, असे वाटते. निरोगी माणसात ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. तो वाढला की रक्ताची आम्लता किंचित वाढते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला ती चटकन कळते. म्हणूनच पाण्याखाली पोहण्याआधी मुद्दाम वेगाने खोल श्वास घेणे घातक आहे. त्याने कार्बन डायऑक्साइड घटतो, प्राणवायू मात्र फारसा वाढत नाही. श्वास घेण्याची निकड जाणवण्याआधीच प्राणवायू संपून पोहणारा पाण्यातच बेशुद्ध होऊ शकतो.

## जन्मापूर्वी हे कसे चालते?

गर्भाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि त्याच्या आतड्याला अन्न मिळत नाही. मूत्रपिंडे मूत्र तयार करतात, पण टाकाऊ पदार्थ काढण्याची खरी जबाबदारी त्यांच्यावर नसते. तिन्ही कामे वार, म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीला जोडलेला तात्पुरता अवयव, एकटी करते. आईचे आणि गर्भाचे रक्त सामान्यतः एकमेकांत मिसळत नाही. दोन्ही रक्तप्रवाह एका पातळ पडद्याच्या दोन बाजूंना वाहतात आणि प्राणवायू व कार्बन डायऑक्साइड यांची देवाणघेवाण पुन्हा विसरणाच्याच आधारे होते. गर्भाचे हिमोग्लोबिन आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायूला अधिक घट्ट धरते, त्यामुळे प्राणवायू गर्भाकडे ओढला जातो. या एका अवयवाकडे पाहिले, की फुप्फुसे, आतडे आणि मूत्रपिंड ही एकाच प्रश्नाची तीन उत्तरे आहेत हे पटायला सोपे जाते.

## सारे इतके गुंतलेले असेल, तर वेगवेगळे तज्ज्ञ कशाला?

कारण बिघाड बहुधा एका ठिकाणी सुरू होतो आणि तिथली दुरुस्ती हे सखोल कौशल्याचे काम असते. हृदयाची झडप बदलणाऱ्याला नेफ्रॉनचे सगळे बारकावे ठाऊक असण्याची अपेक्षा धरता येत नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा एकाने दिलेले औषध दुसऱ्याला माहीत नसते. फुप्फुसांतले पाणी कमी करण्यासाठी दिलेली मूत्रल, म्हणजे मूत्राचे प्रमाण वाढवणारी, औषधे मूत्रपिंडांवरच काम करतात, आणि वेदनाशामक गोळ्यांपैकी काही मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त कमी करतात. दोन्ही एकत्र आली तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. आपण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी प्रत्येक डॉक्टरांना दाखवायची ती यासाठी.

## शरीर ‘शुद्ध’ करावे लागते का?

शरीरातील विषारी द्रव्ये काढून टाकणाऱ्या पेयांची आणि गोळ्यांची जाहिरात सतत दिसते, पण नेमके कोणते द्रव्य निघते याचा उल्लेख तिच्यात सहसा नसतो. दिवसाला १८० लिटर द्रव गाळणारी मूत्रपिंडे आणि अमोनियाचा सतत निकाल लावणारे यकृत निरोगी असताना अशा मदतीची गरज नसते, आणि ती आजारी असताना अशी मदत पुरेशी नसते. भरपूर पाणी प्यायल्याने मूत्रपिंडे धुतली जातात, हा समजही अर्धवट आहे. मूत्रखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना पाण्याचा निश्चित फायदा होतो. निरोगी मूत्रपिंडेसुद्धा तासाला साधारण एक लिटरच्या आसपासच पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून जास्त पाणी बराच वेळ सलग प्यायल्यास रक्तातील सोडियम पातळ होते, पेशी फुगतात आणि कवटीत जागा नसल्यामुळे मेंदूवर दाब येतो. दीर्घ अंतराच्या शर्यतींत धावणाऱ्यांचे मृत्यू यामुळे झालेले आहेत.

## एक मूत्रपिंड पुरते, तर दोन कशाला?

मूत्रपिंड दान केलेली माणसे उरलेल्या एका मूत्रपिंडावर अनेक दशके नीट जगतात. उरलेले मूत्रपिंड आकाराने वाढते आणि कामाचा बराच भार उचलते. फुप्फुसे आणि यकृत यांच्याकडेही अशी मोठी शिल्लक क्षमता असते. ती शिल्लक आहे म्हणून संकटात निभावून जाते, पण तिच्यामुळेच हळूहळू होणारा बिघाड फार उशिरा जाणवतो. मूत्रपिंडाच्या तपासणीत मोजले जाणारे क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ स्नायूंमध्ये रोज साधारण ठरावीक प्रमाणात तयार होतो आणि मूत्रपिंडे तो गाळून बाहेर टाकतात. गाळण्याची क्षमता जवळपास निम्म्याने घटेपर्यंत रक्तातील त्याचा आकडा अनेकदा सामान्य मर्यादेतच राहतो. शिवाय तो स्नायूंच्या प्रमाणावर अवलंबून असल्यामुळे, एकच आकडा धष्टपुष्ट तरुणात निर्धोक आणि कृश वृद्धेत चिंताजनक असू शकतो. त्यामुळे अनेक प्रयोगशाळा आता वय आणि लिंग विचारात घेऊन मिनिटाला किती मिलिलिटर गाळले जाते याचा अंदाज अहवालात वेगळा छापतात. हा अंदाज तीन महिने किंवा अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर त्याला मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार म्हटले जाते. मूत्रातून अल्ब्युमिन जाऊ लागणे ही खूण मधुमेहींमध्ये बहुधा त्याच्याही आधी दिसते, म्हणून त्यांच्यासाठी ही मूत्रतपासणी वर्षातून किमान एकदा सांगितलेली असते.